विमानाच्या आधी वावरात

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. मी आदिलाबादच्या मराठी शाळेत आयुष्यभर शिकवलं. वर्गात एखादीच्या अंगात आलं की मी तिला आधी पाणी पाजायचे आणि सकाळपासून काय खाल्लंस ते विचारायचे. बहुतेक वेळा काही खाल्लेलंच नसायचं. भानामती, करणी, उतारे... आमच्या भागात या गोष्टींना तोटा नाही, आणि त्यांची टिंगल करण्यात मीही कधी मागे राहिले नाही. त्यामुळे या सदरात माझा अनुभव छापून यावा याचाच मला राग आहे. तसा मला एकूणच राग आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली कुणी 'आजी, मन शांत ठेवा' असं लिहायला नको. नव्वदी जवळ आली, अजून झालं नाही ते शांत.

मी सांगते आहे आणि माझी नात ऋतुजा टाइप करते आहे — एकही शब्द बदलायचा नाही या अटीवर. सगळं सुरू झालं तेही तिच्यामुळेच. ती हैदराबादला नोकरीला असते. मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी विमानानं नागपूरला जाऊन आली आणि मग घरी आली. मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आजी, हे बघ. हैदराबाद ते नागपूर. रस्त्यानं पाचशे किलोमीटर, विमानानं त्याहून बरंच कमी. फ्लाइट टाइम सव्वा तास." आणि मग हसून, "आपल्या पणजोबांनी किती वेळात केलं होतं गं?"

तिचा दोष नाही. आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगतात, हसत हसत, कौतुकानं. त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ वामन गावाकडून आला. वावरात देऊळ बांधलंय म्हणाला, छोटंसंच. उद्घाटनाला तू पाहिजेस, कारण डोळ्यांनी पाहिलेलं आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. त्याच्या मुलांनी फ्लेक्स केला होता, त्याचा फोटो त्यानं दाखवला. मधोमध आमचे वडील, पागोटं घातलेले. त्यांच्या डोक्यामागे एक भलंमोठं पांढरं जेट विमान, जे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. खाली ठसठशीत अक्षरांत — श्री विमानबाबा.

मी तो मोबाइल फेकणार होते. वामनचा होता म्हणून राहिला.

आता मी जे पाहिलं ते सांगते. एकदाच सांगेन.

आमचं गाव बेल्याच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे. नदीपलीकडे इंग्रजाचं राज्य, अलीकडे निजामाचं. दोन्हीकडे बोली तीच, कापूस तोच, सोयरिकीही एकमेकांतच. आम्ही आईला माय म्हणायचो आणि वडिलांना बा. इथेही तसंच लिहायला सांगितलंय. 'आई' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दुसरीच कुणी बाई येते.

निजामाच्या शेवटच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. मी अकरा-बारा वर्षांची असेन. हैदराबादहून नागपूरला जाणारं विमान तेव्हा नवं नवं सुरू झालं होतं आणि ते बरोबर आमच्या डोक्यावरून जायचं. नकाशावर पट्टी ठेवून बघा, पटेल. गावात घड्याळ एकच, पाटलांच्या घरी, आणि तेही बंद. मग विमान हेच घड्याळ झालं. विमान गेलं की वावरातली माणसं बैल थांबवून न्याहारीला बसायची. ज्या दिवशी विमान नसेल त्या दिवशी उपाशी बैल जास्त चालायचे, असं बा म्हणायचा.

बाला त्या विमानाचं वेड होतं. कुठून कुठून माहिती काढून आणायचा. त्या पंख्यांच्या विमानाला हैदराबादहून नागपूरला दोनेक तास लागायचे म्हणे, म्हणजे आमच्यावर यायला तासाच्या वर. मायला तो समजावून सांगायचा, "तिकडं त्यातल्या माणसानं तोंडात पान टाकलं, तर आपल्या वावरावर येईस्तोवर तो ते चघळूनच राह्यला असंल. आन् आपल्याले तेच जायाचं तर तीन दिवस." माय चुलीपुढे बसून विचारायची, "मंग ते आपल्याकडं थांबत काऊन नाई?" बा म्हणायचा, "तू हाक मार, मी उडी टाकतो." असं त्यांचं चालायचं. ती दोघं हसायची तेव्हा मी झोपल्याचं सोंग करायचे.

आता भांडण. नाल्याकडचं एक काळं वावर होतं आमचं. बाचे चुलतभाऊ भगवंतकाका गावचे पाटील. ते वावर त्यांना हवं होतं. आजोबांच्या वाटणीत ते आपल्याकडे यायचं होतं असं त्यांचं म्हणणं. दावा आदिलाबादहून वर वर जात हैदराबादला पोचला होता, आणि कब्जा कुणाचा एवढ्यावर येऊन अडकला होता.

कब्जा कसा ठरायचा ते शहरातल्या वाचकांना सांगावं लागेल. आमच्याकडे सरकीची पेरणी पावसाच्या आधी, कोरड्या मातीत व्हायची. पाटील गावासाठी एक दिवस जाहीर करायचे. त्या दिवशी प्रत्येक वावरात पुढून बैलांनी चर पाडायचा आणि मागून मालकानं स्वतःच्या हातानं शेणात घोळलेली सरकी टाकत एक ओळ पुरी करायची. पहिली ओळ मालकाची. बाकीचं रान मग गड्यांनी पेरलं तरी चालतं. वादाच्या वावरात पंच बांधावर उभे राहायचे, आणि ओळ ज्याच्या हातची, त्या वर्षी वावर त्याचं. निजामाचा गिरदावर, म्हणजे महसुलाचा अधिकारी, तोसुद्धा येऊन पंचांना तेवढंच विचारून जायचा.

हैदराबादच्या पेशीची, म्हणजे सुनावणीची, तारीख ठरली. बाला स्वतः हजर राहायचं होतं. भगवंतकाकांनी ती तारीख कळताच गावाच्या पेरणीचा दिवस जाहीर केला. तोच. ज्योतिष्यानं सांगितलं म्हणे. ज्योतिषी त्यांच्याच ओसरीवर जेवायचा.

म्हणजे बा पेशीला गेला नाही तर दावा गेला, आणि गेला तर ओळ गेली. असा डाव. बा पेशीला गेला. माय तेव्हा नऊ महिने भरलेली. निघताना तिनं दारातून म्हटलं, "ते विमान जवळून पाहून या. कसं दिसते ते मले सांगा." तो आदिलाबादपर्यंत गाडीनं, पुढे निर्मळवरून मोटारीनं, मग रेल्वेनं असा निघाला. काळा कोट फडक्यात बांधून नेला होता, पेशीला घालायला.

पेरणीच्या दिवशी पहाटे माय बाळंत झाली. मुलगा. तोच हा वामन. बाळ रडलं तेव्हा सगुणामावशी — मायची बहीण, बाळंतपणासाठीच आलेली — मोठ्यानं हसली. थोड्या वेळानं ती हसायची थांबली. मायचं रक्त थांबत नव्हतं. सुईणीनं येणारं सगळं करून पाहिलं आणि मग ती हात पुसत बाहेर येऊन म्हणाली, "गाडी जुंपा. बेल्याच्या डाक्तरकडं न्या."

गाडी दारात होती. बैल वावरात होते. भगवंतकाकांनी दिवस उजाडायच्या आत आमच्याच गोठ्यातून आमचेच बैल आणि आमचा गडी लच्छन्ना यांना नेलं होतं, कारण ओळ त्या वावराच्या बैलांनी पाडायची असते. रीत म्हणजे रीत.

दुसरे बैल? पेरणीचा दिवस. गावातला प्रत्येक बैल चरात होता.

आणि आता ती गोष्ट, जी फ्लेक्सवर नाही. घरात मूल झालं की भाऊबंदांना सोयर लागतं, दहा दिवस शुभकार्याला हात लावायचा नाही. पहिली ओळ तर नाहीच. पण बाहेर असलेल्या माणसाला ते कानावर पडल्यावरच लागतं. ऐकलं नाही तोवर तो मोकळा. भगवंतकाका आमचे भाऊबंदच. मूल झालं हे त्यांच्या कानावर आलं असतं तर त्यांनाही ओळ टाकता आली नसती. त्यांना ठाऊक होतं माय अडली आहे ते. रात्रभर तिचं ओरडणं दोन घरं सोडून त्यांच्या ओसरीवर जातच होतं. म्हणून त्यांनी वावराच्या वाटेवर माणूस बसवला होता — आमच्या घरचं कुणी निरोप घेऊन आलं तर तिथंच परतवायचं. बांधावरच्या पंचांनाही ते माहीत होतं. सगळं गाव कान झाकून उभं होतं, आणि त्याला ते धर्म म्हणत होते.

मावशीनं दोनदा बायका पाठवल्या, दोनदा त्या परत आल्या. माय शुद्धीवर होती. डोळे दाराकडे. "ते आले का?" एवढंच विचारायची. मावशी म्हणायची, "अगं ते हैदराबादेत, कशे येतील?" पुन्हा थोड्या वेळानं, "आले का?"

तेवढ्यात लच्छन्ना धावत आला. तो मूळचा तेलुगू मुलखातला; वावरातून घराकडे येत होता, निरोप नेत नव्हता, त्यामुळे त्याला कुणी अडवलं नाही. धापा टाकत म्हणाला, "अम्मा, मालक आले. वावरात हायेत. ओळ टाकून राह्यले."

मावशीनं त्याच्याकडे असं पाहिलं जसं तो पिऊन आलाय. पण तो शिंदीला शिवतही नसे. त्यानं सांगितलं ते असं: भगवंतकाका सरकीची टोपली घेऊन चराच्या तोंडाशी उभे होते. मागून कुणीतरी हात पुढे केला, ओंजळ केलेला. काकांनी न बघता त्यात सरकी घातली. लहानपणापासूनची सवय — आजोबा असताना मोठ्यानं द्यायची, धाकट्यानं टाकायची. घातल्यावर वळून पाहिलं तर बा. काळ्या कोटात. काकांच्या हातून टोपली पडली. बा चरात उतरला आणि टाकत निघाला. बैल हाकायला लच्छन्नाच्या जागी पंचांनी दुसरा गडी लावला, म्हणून तो सुटून आला.

माय आतून ऐकत होती. तिनं पहिल्यांदा डोळे मिटले. मला म्हणाली, "जा कमळे. बोलावून आण."

मावशीनं मला दोन्ही खांद्यांना धरून निरोप पाठ करून घेतला. "म्हण — बा, पोरगा झाला. माय लई बिघडली, बोलावून राह्यली. बैल सोड अन् लवकर घरी चाल. म्हण पाहू." मी म्हटलं. "अजून एकदा." मी म्हटलं.

वाटेवर बसवलेला माणूस मला बघून उठला. मी नाल्यातून घुसले, काट्यांतून. वावर घरापासून लांब नव्हतंच. मायची हाक पोचली असती, जोर असता तर.

मी पाहिलं. आता वाचकांनो, इथे मला उलटतपासणी नको. ऊन स्वच्छ होतं. मी त्याच्यापासून इतकी जवळ होते की कोटाच्या बाहीला आतून लावलेलं ठिगळ दिसत होतं, मायनं लावलेलं. तो माझा बा होता. बैलांमागून वाकून सरकी टाकत माझ्याच दिशेनं येत होता. तोंड पानानं लाल. अंगावर घाम नाही, पायांवर धूळ नाही. बांधावर पंच उभे, काका उभे, सगळ्यांच्या नजरा त्याच्या हातावर.

मी धावत गेले आणि ओरडले, "बा —"

बानं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. आणि डावा हात वर केला. पंजा माझ्याकडे करून. थांब. बोलू नको.

त्याला माहीत होतं. मी काय घेऊन आले आहे ते त्याला माहीत होतं, नाहीतर तो हात कशाला? मी बांधाकडे पाहिलं. एका पंचानं तोंड फिरवलं. दुसऱ्यानं उपरणं कानांवरून गुंडाळलं. भगवंतकाका, ज्यांचं सगळं गेलं होतं, त्यांनीसुद्धा खाली मातीकडे बघायला सुरुवात केली. एक पोर उभी आहे, परकरावर रक्ताचे डाग, आणि दहा-बारा मोठी माणसं तिच्या तोंडातला शब्द कानावर पडू नये म्हणून धडपडताहेत. माझं तोंड उघडं होतं. त्यातून काही निघालं नाही.

बानं ओळ पुरी केली. शेवटपर्यंत. हात झटकले. तेवढ्यात दक्षिणेकडून आवाज आला आणि विमान आलं, हैदराबादचं, त्या सकाळचं. सवयीनं सगळ्यांच्या माना वर गेल्या. माझीही. विमान नदीकडे गेलं. माना खाली आल्या तेव्हा चराच्या टोकाला बैल होते, गडी होता, आणि बा नव्हता.

उघडं रान. जून महिन्यातलं, नांगरून मोकळं केलेलं. लपायला एक झुडूप नाही.

लच्छन्नानं मागून येऊन बैल सोडवले. आम्ही धावत घरी आलो, गाडी जुंपली, मायला आत ठेवलं. दारातून निघताना तिनं मला विचारलं, "आले?" मी म्हटलं, "येऊन राह्यले." बेला दिसायला लागलं तेव्हा मावशीनं लच्छन्नाला गाडी थांबवायला सांगितलं. आता घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी पंच बसले. भगवंतकाका म्हणाले, घरात मूल झालं होतं, नारायणला, म्हणजे बाला, सोयर होतं, ओळ खोटी. पंचांनी मला बोलावलं. माय जाऊन एक दिवस झाला होता, आणि मला विचारलं, "पोरी, तू त्याले वावरात काही सांगितलं होतं का?" मी म्हटलं, "नाई." "एक शबुद बी?" "नाई." मग पंच एकमेकांकडे बघून म्हणाले, ऐकलं नाही तर लागलं नाही, ओळ खरी. एक जण तर माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "शहाणी पोर. बापाचं वावर राखलं." त्याचा हात मी झटकला, ते सगळ्यांनी दुःखावर ढकललं.

बा आठ-दहा दिवसांनी आला. त्याच्या मागोमाग काकांचा मुलगा मुकुंदा, जो तिकडे पेशीला बापाच्या वतीनं उभा होता. मुकुंदानंच सगळ्यांसमोर सांगितलं की नारायणकाका त्या दिवशी हैदराबादेत हजर होते, मी शेजारी उभा होतो. भगवंतकाका त्यावर घरात गेले आणि चार दिवस ओसरीवर आलेच नाहीत. दाव्याचा निकाल पुढे आमच्याकडून लागला. वावर राहिलं.

बाला कुणी काही विचारण्याआधीच त्यानं मला सांगितलं होतं. मायचं कळल्यावर तिसऱ्या दिवशी तो गोठ्यात बसून बोलला. पेशीच्या दिवशी सकाळी तो बेगमपेटला विमान बघायला गेला होता, मायनं सांगितलं होतं म्हणून. कुंपणाबाहेर उभा राहिला. विमान पळत पळत उठलं, आणि त्याच क्षणी त्याला मागून मायची हाक ऐकू आली. वळून पाहिलं, कुणी नाही. मग त्याला भोवळ आल्यासारखं झालं आणि तो कुंपणाला टेकून खाली बसला. किती वेळ ते त्याला कळलं नाही. कुणीतरी पाणी दिलं. टांग्यात बसून कचेरीकडे निघाला तेव्हा तोंडाजवळ हात नेला, आणि...

"माया हाताले शेणाचा वास येऊन राह्यला होता, कमळे. सरकी घोळायच्या शेणाचा. हैदराबादेत."

लोकांचा जीव या वासावर आहे. माझ्या भाच्या-पुतण्यांना हा भाग सांगताना शहारे येतात. वामनच्या मुलानं तर मला सगळा हिशेब करून दाखवला: विमान उठल्यापासून ते आपल्यावर येईस्तोवर जितका वेळ, तितकाच वेळ आजोबा... कसले लहरींचे वगैरे शब्द वापरले त्यानं. मी म्हटलं, बाळा, वेळाचं गणित मी पोरांना आयुष्यभर शिकवलं, मला नको शिकवू. दोन शहरांतलं अंतर, विमानाचा वेग, माणसाचा वेग, सगळं मांडून झालंय माझं. ते सुटत नाही. पण गणित सुटत नाही म्हणून माझी झोप कधी उडालेली नाही.

माझं जे आहे ते वेगळं आहे. हाक कुणी मारली? मायनं. ती त्याला तिकडे ऐकू गेली, हे तोच सांगतो. त्या हाकेवर तो एवढा मुलूख ओलांडून आला. आणि आला कुठे? वावरात. घर दिसत होतं तिथून. आमच्या छपराचा धूर दिसत होता. आला, ओळ टाकली, मला हात दाखवला आणि गेला. आणि त्याचं देऊळ.

गावातल्या बायका मला समजावायच्या, अगं तो घरी आला असता तर सोयर लागलं असतं, वावर गेलं असतं, तुम्ही पोरं खाल्लं काय असतं? बापच तो, विचार करूनच वागला. विचार करूनच. हेच तर मी म्हणते.

बा पुढे बरीच वर्षं जगला. दुसरं लग्न केलं नाही. वामनला त्यानं हातावर वाढवलं, मला शिकवलं, मास्तरीण केलं. त्या काळ्या वावराची पहिली ओळ मात्र त्यानं नंतर कधीच टाकली नाही, लच्छन्नाला टाकायला लावायचा. ओळ तुझ्या हातची नसली तर वावर तुझं नाही, असं कुणी म्हटलं की म्हणायचा, नसू दे. शेवटच्या आजारपणात मी त्याला एकदाच विचारलं. "बा, तू हात काऊन वर केला?"

तो म्हणाला, "मी नव्हतो तेथी, कमळे."

मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "आन् तो मीच असलो, तर मले माफ करू नको."

तेवढं त्याचं मी ऐकलं आहे.

तर उद्घाटनाला मी गेले. नाही म्हणणार होते, पण ऋतुजानं गाडी काढली. मंडप, लाउडस्पीकर, जेवणाची पंगत, फ्लेक्सवर ते जेट विमान. मायचा फोटो नाही, कारण तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. पण नावही नाही. मला खुर्चीवर बसवून हातात माइक दिला. 'चमत्कार' सांगा म्हणाले. मी माइक बाजूला ठेवला आणि वामनला म्हटलं, मला त्या ओळीच्या टोकाशी ने. 

तो आता म्हातारा झालाय, त्याला माझा हात धरावा लागतो की मला त्याचा, ते कळत नाही. आम्ही दोघं गेलो. जाताना त्यानं विचारलं, "ताई, मायनं मले पाह्यलं होतं का?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. देऊळ बांधलं, फ्लेक्स छापला, आणि हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं, "कुशीत घेतलं होतं तुला. पण तिचे डोळे दाराकडं होते." मग त्याला सगळं सांगितलं — बैल, वाटेवरचा माणूस, कानांवरची उपरणी, पंजा. त्याला इतकंच माहीत होतं की माय बाळंतपणात गेली. त्यानं माझा हात सोडला आणि तो बांधावर बसला.

तो बा कसा आला, तो बाच होता की आणखी काही, मला माहीत नाही. कुणी सांगू शकलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू शकणार नाही. कृपा करून मला पुस्तकांची नावं कळवू नका.

मी मात्र तिथं उभी राहिले, जिथं तेव्हा उभी होते. नालाही तोच आहे, आता कोरडा. मी मोठ्यानं, शाळेत हजेरी घ्यायचे त्या आवाजात म्हटलं,

"बा, पोरगा झाला. माय लई बिघडली, बोलावून राह्यली. बैल सोड अन् लवकर घरी चाल."

या वेळी कुणी हात वर केला नाही. कुणी आलंही नाही.